हायड्रो डिपिंग: टबात काहीही बुडवायच्या आधी लोक मला जे विचारतात ते सगळं

मी बेळगावातल्या वडगावचा. आठवडाभर उद्यमबागेत मशीनवर काम आणि रविवारी परसातल्या पत्र्याच्या शेडात हे उद्योग. एकदा गल्लीतल्या पोराच्या बाईकचं साईड पॅनल कार्बन फायबरसारखं करून दिलं आणि तिथून प्रश्न सुरू झाले, फोनवर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत सुद्धा. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून इथं लिहून सोडतो. डिझाईनबद्दल कमी आणि वाफेबद्दल, आगीबद्दल, सांडपाण्याबद्दल जास्त लिहिलंय, ते मुद्दाम. डिझाईन दोन रविवारात जमतं.

हे नेमकं काय असतं? स्टिकरच ना?

नाही. स्टिकर चिकटवतात, त्याला गोंद असतो, कडा असतात, वाकड्या जागी सुरकुत्या पडतात. इथं शाई थेट वस्तूवर बसते. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाईल अल्कोहोल नावाची एक पातळ फिल्म असते, पाण्यात विरघळणारी, तिच्यावर डिझाईन छापलेलं असतं. ती कोमट पाण्यावर पसरायची, मिनिटभरात फुगून मऊ होते, दुधावर साय धरते तशी दिसते, मग तिच्यावर ॲक्टिव्हेटर नावाचं केमिकल फवारायचं, त्यानं वाळलेली शाई परत ओली होते, आणि मग वस्तू वरून हळूहळू आत दाबायची, पाण्याच्या दाबानं शाई सगळ्या बाजूनं वस्तूला लपेटून बसते. नंतर धुवायचं, वाळवायचं, वर क्लियर म्हणजे पारदर्शक थर मारायचा. पाण्यावरची रांगोळी बघितली असेल तर अर्धं काम समजलं, फरक एवढाच की इथं रांगोळी मोडायची नाही, उचलायची.

जपानमधे १९७०-८० च्या सुमारास हे तंत्र कारखान्यात आलं. गाडीच्या डॅशबोर्डवर लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची पट्टी असते ना, त्यातल्या बऱ्याच अशाच केलेल्या असतात.

घरात करता येतं का? आमच्याकडं न्हाणीघर मोठं आहे.

न्हाणीघरात तर अजिबात नको. मी हीच चूक केलेली आहे म्हणून सांगतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं पाण्याचं काम आहे, न्हाणीघरच बरं, धूळ येऊ नये म्हणून दार पण लावून घेतलं. दोन वेळा ॲक्टिव्हेटर मारला आणि डोकं गरगरायला लागलं, हसू पण यायला लागलं उगीचच, आणि ते हसू म्हणजे नशा चढायला लागल्याचं लक्षण होतं हे मला नंतर कळलं. आईनं दार बडवलं म्हणून बाहेर आलो. नशीब एवढंच की त्या दिवशी बंब पेटवलेला नव्हता.

कारण असं की ॲक्टिव्हेटरमधे टोल्युईन, झायलीन, एमईके (मिथाईल इथाईल कीटोन), ब्युटाईल ॲसिटेट असली सॉल्व्हंट म्हणजे रंग विरघळवणारी द्रवं असतात. टोल्युईनचा फ्लॅश पॉईंट साधारण ४ अंश सेल्सिअस, एमईकेचा तर शून्याच्या खाली उणे ९. म्हणजे एवढ्या थंडीत सुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटेला पण एवढं थंड होत नाही, त्यामुळं बेळगावात ते वर्षभर पेटण्याजोगंच असतं हे धरून चालायचं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर खिडकीतून निघून जात नाही, खाली फरशीवर साचते आणि उताराला लागून सरपटत जाते, दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत सुद्धा. पलीकडं काय असतं? बंब, चूल, गॅसचा गिझर, देवघरातली समई, अगरबत्ती. तुम्ही इथं फवारताय आणि पेट तिकडं लागतो.

म्हणून मोकळ्या जागेत करा, परसात, गच्चीवर, तीन बाजू उघड्या असलेल्या शेडात. वारा तुमच्या पाठीकडून येऊन पुढं जाईल असं उभं राहायचं. साधा टेबलफॅन वाफेच्या तोंडावर किंवा वाफ ओढून घेईल असा लावायचा नाही, त्याच्या बटणात किंवा मोटारीत ठिणगी पडू शकते. लावायचाच तर लांब, तुमच्या मागं, चांगली हवा पुढं ढकलेल असा. फवारताना लाईटचं बटण दाबायचं नाही, मोबाईल चार्जिंगला लावायचा नाही, आणि बिडीवाला काका बघायला आला तर त्याला आधी फाटकाबाहेर काढा, मग कितीबी वाईट वाटू दे.

जवळ वाळूची बादली आणि पावडरवाला अग्निशामक ठेवा. सॉल्व्हंटच्या आगीवर पाणी ओतलं तर ते पाण्यावर तरंगत आग पसरवतं.

कोविडच्या वेळचे मास्क शिल्लक आहेत, ते चालतील का?

नाही चालणार. एन-९५ सुद्धा नाही. तो धुळीसाठी, वाफ त्यातून सरळ आत जाते, आणि वाईट म्हणजे मास्क घातलाय म्हणून माणूस निर्धास्त होऊन जास्त वेळ उभा राहतो. पाहिजे तो रबरी अर्ध्या तोंडाचा मास्क, दोन बाजूला कार्ट्रिज म्हणजे गाळणीचे डबे असलेला, कार्ट्रिजवर ऑरगॅनिक व्हेपर लिहिलेलं पाहिजे. अमेरिकन पद्धतीच्या कार्ट्रिजला काळा पट्टा असतो, युरोपियनला तपकिरी. स्प्रे गन मारणार असाल तर पुढं रंगाच्या कणांसाठी पॅड पण लावायचं.

दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, कडेनं वाफ शिरते. आमच्या एका मित्राला हे पटेना, दाढी काय काढवत नव्हती त्याला, शेवटी तो फक्त धुवायचं आणि घासायचं काम करतो. मास्क घालूनही वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं. काम झालं की कार्ट्रिज हवाबंद डब्यात ठेवा, उघडं खुंटीला टांगलं तर ते नुसत्या हवेतलं ओढून ओढून संपतं.

हातात नायट्राईलचे ग्लोव्हज. पातळ ग्लोव्हजमधून सॉल्व्हंट थोड्या वेळात आत उतरतंच, म्हणून भिजले की टाकून दुसरे घाला. डोळ्याला बंद बाजूचा गॉगल, आणि कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी नको. गरोदर बाई, लहान पोरं, दम्याचा माणूस यांना त्या जागेच्या आसपास पण येऊ देऊ नका, टोल्युईन पोटातल्या बाळाला बाधतं.

कुठल्या प्लास्टिकवर बसतं, कुठल्यावर नाही?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, म्हणजे सगळं सोलून निघाल्यावर.

वस्तूच्या आतल्या किंवा खालच्या बाजूला बारीक अक्षरं असतात ती बघा. एबीएस लिहिलं असेल तर डोळे झाकून घ्या, यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे ते, बाईकची पॅनलं, स्विचबोर्डाचे कव्हर, रिमोटचं कवच बहुतेक यातलं. कडक पीव्हीसी पण बरं.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्रिकोणात ५ नंबर, आणि पॉलिथीन, त्रिकोणात २ किंवा ४, हे तेलकट स्वभावाचं प्लास्टिक. त्याच्यावर पाणी टाकलं की थेंब थेंब होऊन पळतं, अळूच्या पानावर पळतं तसं. रंगाचं पण तेच होतं, आज बसतो आणि आठवड्यानं नख लावलं की पापुद्रा. खुर्च्या, बादल्या, गाडीचे बंपर, बाईकचं मडगार्ड यात पीपी खूप असतं. त्याला आधी प्लास्टिकचा प्रायमर म्हणजे ॲडहिजन प्रमोटर मारावाच लागतो, पातळ, एकच हात, आणि डब्यावर पीपीसाठी असं लिहिलेलं बघून घ्या. पॉलिथीनच्या नादाला मी लागत नाही, प्रायमर मारून पण भरवसा नसतो.

आता धोक्याचं. पॉलिस्टायरीन, त्रिकोणात ६, आणि थर्माकोल पण त्यातलंच. हे टोल्युईनमधे आणि थिनरमधे विरघळतं. पुतणीचा पेन स्टँड करायला घेतला होता मी, दिसायला एबीएससारखाच कडक, बेस कोटच्या, म्हणजे डिझाईनखालच्या रंगाच्या, दुसऱ्या हाताला त्याच्या भिंती अशा बसल्या की कुंद्याचा गोळा झाला. तेव्हापासून नियम केलाय, आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं थेंबभर थिनर लावून बघायचं, चिकट झालं किंवा पांढरं पडलं की ती वस्तू परत.

पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेसारखं दिसणारं मजबूत प्लास्टिक, ते विरघळल्यासारखं दिसत नाही, पण त्याला बारीक बारीक तडे जातात, कधी कधी काही दिवसांनी. ते सगळ्यात फसवं.

मग हेल्मेट? हेल्मेटवर तर मस्त दिसेल.

दिसेल. करू नका.

हेल्मेटचं कवच एबीएसचं किंवा पॉलिकार्बोनेटचं असतं आणि आत थर्माकोलचाच थर असतो, डोकं वाचवणारा तोच. आत्ताच वर काय सांगितलं? थर्माकोल सॉल्व्हंटमधे विरघळतो आणि पॉलिकार्बोनेटला तडे जातात. आत चार थेंब झिरपले तर बाहेरून काही दिसणार नाही, आणि कळेल ते पडल्यावर. आयएसआयचा शिक्का, आयएस ४१५१, तो कंपनीनं जसं दिलं तशा हेल्मेटला असतो, तुम्ही घासून केमिकल मारलेल्याला नाही. लोक पैसे जास्त देतो म्हणतात, मी नाही म्हणतो. एकजण रागावून गेला, परत बोलला नाही. चालतंय. डिझाईनचं हेल्मेट दुकानात तयार मिळतं, ते घ्या.

घासायचं किती? बेस कोट मारायलाच पाहिजे का?

दोन्ही पाहिजे. आधी भांड्याच्या साबणानं धुवा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासा, मग ६००. चकाकी पूर्ण गेली पाहिजे, कोपऱ्यातली पण, कोपऱ्यातलीच राहते. खड्डा असेल तर लांबी (पुट्टी) भरा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं आणि नंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचा ठसा तेलकट असतो आणि तो थेट डिझाईनखाली दिसतो.

बेस कोटवर सगळा रंग ठरतो. फिल्मवर जिथं शाई नसते तिथून खालचा रंग दिसतो. कार्बनची तीच फिल्म सिल्व्हर बेसवर एक दिसते, लालवर भलतीच. लाकडाच्या डिझाईनला बदामी किंवा तपकिरी. काय घ्यावं कळत नसेल तर पांढरा घ्या. बेस मॅट किंवा अर्धवट चमकीचा हवा, आणि हाताला कोरडा लागल्यावर लगेच त्याच दिवशी बुडवायचं. आठ दिवस राहिला तर परत हलकं घासा.

पाणी किती गरम? बंबातलं घेतलं तर?

३० अंशाच्या आसपास, २८ ते ३२. स्वैपाकघरातलं नाही तर साधं थर्मामीटर टाका, हाताच्या अंदाजावर जाऊ नका, कारण आपल्याला कोमट वाटणारं पाणी निघतं ३८ चं आणि त्यात फिल्म खूप लवकर विरघळून फाटते. गार पाण्यात उलट, ती विरघळतच नाही, वस्तूवर कडक सुरकुत्या येतात.

बंबातलं पाणी आणून मिसळलं तर उत्तम. फक्त बंब विझवून, निखारे पूर्ण गार करून मग फवारणीला हात लावा. काहीजण टबात हीटर रॉड टाकतात. पाणी तापलं की बटण बंद, पिन काढायची, रॉड बाहेर, मग हात. प्लास्टिकच्या टबाला रॉड टेकला तर टबच वितळतो, आणि चालू रॉड आणि सॉल्व्हंटची वाफ ही जोडी तर नकोच.

फिल्मची कुठली बाजू खाली?

बोट ओलं करून कोपऱ्याला लावा. जी बाजू चिकटते ती पाण्यावर, शाईची बाजू वर. उलटी टाकली तर वाया. वस्तूपेक्षा चारी बाजूनं दोन-तीन इंच मोठी कापा आणि कडेनं मास्किंग टेप लावा म्हणजे ती वळत नाही. टाकताना एका कडेनं सुरू करून हळूहळू सोडत जायचं, एकदम टाकली की खाली हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा दिसला तर फुंकर मारून किंवा पाण्यात पडलेला केस काढतात तसं हलक्या काडीनं कडेला सरकवा. मग साधारण ६० ते ९० सेकंद थांबायचं, फिल्म कुठली आहे त्यावर वेळ बदलतो, पाकिटावरचा आकडा बघा.

ॲक्टिव्हेटर महाग पडतो. गॅरेजमधला रंग पातळ करायचा एनसी थिनर मारला तर?

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. मी पण करून बघितलंय.

थिनरनं शाई ओली होते हे खरं, पण ती एकसारखी होत नाही आणि टिकत पण नाही. ॲक्टिव्हेटरमधे पटकन उडणारं आणि हळू उडणारं सॉल्व्हंट मापात मिसळलेलं असतं, शाईला आणि बेसला दोघांना जोडण्यासाठी थोडं रेझिन पण असतं. नुसत्या थिनरमधे यातलं काय नाही. एका ठिकाणी शाई पळते, दुसरीकडं कोरडीच राहते, आणि बसली तरी धुताना निघते. वर कुठल्या दुकानात कुठला थिनर डब्यात भरलेला आहे याचा पत्ता नसतो, सुट्ट्या बाटलीवर लेबल पण नसतं. एका दुकानातून मी असाच सुटा घेतला, त्याच्यानं डोळे एवढे चुरचुरले की दिवसभर पाणी गळत होतं. लेबल नसलेलं केमिकल घ्यायचं नाही, स्वस्त दिलं तरी नाही, आणि पाण्याच्या बाटलीत तर भरून आणायचंच नाही, घरात कुणीतरी तोंडाला लावतं.

मारायचं कसं, तर फुटभर अंतरावरून, गन न थांबवता आडवी फिरवत, हलका एकच हात. बरोबर लागला की फिल्मवरच्या सुरकुत्या जातात आणि ती काचेसारखी चमकते, पाण्यावर तेल पसरल्यासारखी मोकळी होते. पाच-दहा सेकंद आणि लगेच बुडवा. जास्त मारला तर डिझाईन वितळून पसरतं, कमी मारला तर खडखडीत.

बुडवताना हात कसा ठेवायचा?

तीस-पंचेचाळीस अंशात तिरकं धरून, न थांबता, एकाच गतीनं. सपाट खाली दाबलं की हवा अडकते आणि तिथं डिझाईनला भोक पडतं. मधेच थांबलात तर रेघ पडते. भोकं, खाचा मागून टेपनं बंद करा, नाहीतर आतली हवा बरोबर वेळ साधून बाहेर येते. हात लागू नये म्हणून वस्तूच्या आतून काठी किंवा हँडल चिकटवून घ्या.

पूर्ण आत गेल्यावर वर राहिलेली फिल्म हातानं बाजूला सारा आणि मोकळ्या पाण्यातून वर काढा, नाहीतर वर येताना दुसरा थर लागतो. थोडा वेळ तसंच धरून मग कोमट पाण्याच्या हलक्या धारेनं धुवायचं, बोटाला बुळबुळीत लागणं बंद होईपर्यंत. घासायचं नाही. बुळबुळ राहिली तर क्लियर त्याच्यावर धरत नाही, दोन महिन्यानं सुटतो. मग सावलीत वाळवा.

पावसाळ्यात का बिघडतं?

कारण ती फिल्म पाण्यातच विरघळायला बनवलेली आहे आणि आपल्या हवेत जून ते सप्टेंबर पाणीच असतं. खानापूर साईडला तर विचारूच नका. उघडी ठेवलेली फिल्म दमट होऊन चिकटते, वळते. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, सरळ गुंडाळी करून ठेवा. क्लियर पण दमट हवेत पांढरट पडतो. मी पावसाळ्यात फक्त घासून प्रायमर मारून ठेवतो आणि दसऱ्यानंतर बुडवतो. गणपतीच्या आधी करून द्या म्हणणाऱ्यांना हेच उत्तर.

नेलपॉलिशनं किंवा स्प्रेच्या डब्यानं होतं म्हणे, व्हिडिओत बघितलं.

होतं. फिल्म लागत नाही, डिझाईन संगमरवरासारखं येतं, दरवेळी वेगळं, आणि मला ते फिल्मपेक्षा कधी कधी जास्त आवडतं. बादलीत साधं पाणी, वर दोन-तीन रंगाच्या स्प्रेचा फवारा, काडीनं एकदा फिरवायचं, लगेच वस्तू बुडवायची. पाण्यात चार चमचे टाकणखार आधी कोमट पाण्यात विरघळवून टाकला तर रंगाचा थर नीट पसरतो. सोनार डाग द्यायला वापरतात तोच, सराफ गल्लीच्या आसपास कुठंही मिळेल. तो पोटात जाऊ द्यायचा नाही, ती बादली परत स्वैपाकाला नाही.

आणि स्प्रे म्हणजे साधं काम असं समजू नका. डब्यात रंग ढकलायला बहुतेक वेळा पेटणारा गॅसच असतो, नेलपॉलिशमधे इथाईल आणि ब्युटाईल ॲसिटेट. मास्क, मोकळी जागा, आग लांब, सगळं तेच.

वर टू-के क्लियर मारू का? गॅरेजवाला म्हणतो तोच टिकतो.

टिकतो, यात वाद नाही. पेट्रोल सांडलं तरी काही होत नाही त्याला. पण टू-के म्हणजे हार्डनर मिसळायचा, आणि हार्डनरमधे आयसोसायनेट असतं. त्यानं दमा होतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की नंतर थोडं जरी आलं तरी श्वास अडकतो, आयुष्यभर. त्याला वास पण नीट येत नाही, त्यामुळं कार्ट्रिज संपलेलं कळत नाही. कारखान्यात बाहेरून पाईपनं हवा पुरवणारे मास्क घालून मारतात ते उगीच नाही.

घरी वन-के क्लियर वापरा, म्हणजे हार्डनर न मिसळता मारायचा, दोन-तीन पातळ हात. शोपीस, रिमोट, पेनाचा डबा याला भरपूर. बाईकच्या टाकीजवळचा पार्ट असेल तर बुडवून, वाळवून, पेंटिंग बूथ असलेल्या गॅरेजला नेऊन द्या, क्लियर तो मारेल. मी स्वतः तसंच करतो.

काम झाल्यावर टबातलं पाणी कुठं ओतू? गटार समोरच आहे.

ते गटार कुठं जातं ते बघा की. आमच्या भागातलं बळ्ळारी नाल्याला मिळतं आणि नाला शहापूर-वडगावच्या शिवारातून जातो, पावसाळ्यात तुंबून भातात शिरतो. ज्या शिवारातला बासमती आपण कौतुकानं खातो त्यात टोल्युईन आणि शाई ओतायची का. परसातल्या आडाजवळ, झाडाच्या बुंध्याशी पण नको, जमिनीत उतरून आडात येतं, आणि पलीकडं मार्कंडेय नदी असली तर तिथं तर नकोच.

पाणी एकाच टबात परत परत वापरा, वरची शाईची साय जुन्या कापडानं किंवा वर्तमानपत्रानं दरवेळी ओढून काढा. शेवटी उरलेलं पाणी झाकणाच्या पिंपात ठेवा, गाळ खाली बसतो. तो गाळ, शाईची कापडं, रिकामे डबे घातक कचरा म्हणून वेगळे द्यायचे, ओल्या-सुक्यात घालायचे नाहीत. सॉल्व्हंटची चिंधी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. धंदा म्हणून करणार असाल तर प्रदूषण मंडळाची परवानगी आणि परवानाधारक कचरा नेणारा या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून धरा.

डबा, पाण्याची बाटली, बाळाचं खेळणं?

जेवणाला किंवा तोंडाला लागणारी बाजू कधीच नाही. बाटलीच्या बाहेरून करायचं तर तोंडाजवळचा भाग टेपनं झाकून मोकळा ठेवा, आणि ती डिशवॉशरमधे किंवा उकळत्या पाण्यात घालू नका. बाळ खेळणं चावतं. नको.

बाईकचे पार्ट केले तर पोलीस धरतात का?

एखादं पॅनल, आरशाचं कव्हर यानं कुणाला फरक पडत नाही. पण अख्ख्या गाडीचा रंगच बदलला तर तो आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो, बेळगावची केए-२२ असो की चिकोडीची केए-२३. नंबर प्लेट, हेडलाईटची काच, इंडिकेटर यांना हात लावू नका. सायलेन्सरजवळच्या पार्टवर पण टिकत नाही, उष्णतेनं पिवळं पडतं.

शिवजयंतीसाठी महाराजांचं चित्र उमटवायचंय, होईल का?

कोरी फिल्म मिळते, तिच्यावर प्रिंटरनं छापता येतं. पण दोन भानगडी. एक, छापताना आरशात दिसतं तसं उलटं छापावं लागतं, अक्षरं असतील तर विशेष लक्ष. दुसरी मोठी, फिल्म पाण्यावर ताणते आणि वस्तूवर अजून ताणते, त्यामुळं चेहरा लांबतो, नाक वाकडं होतं. मी मंडळाच्या पोरांना सरळ सांगितलं, महाराजांचा चेहरा वाकडा झालेला कुणी बघून घेणार नाही, तुम्ही भगवा बेस मारा, वर सोनेरी वेलबुट्टी बुडवून देतो, आणि चित्र नंतर वरून कारागिराकडून काढून घ्या. तसंच केलं, झकास झालं.

डोळ्यात उडालं किंवा चक्कर आली तर?

डोळ्यात गेलं तर नळाच्या वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं, पापणी उघडी धरून, आणि मग डॉक्टर. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं आलं तर तिथून निघून मोकळ्या हवेत बसा, बरं वाटलं म्हणून लगेच परत जाऊ नका. कुणी प्यालं तर उलटी काढायची नाही, मीठाचं पाणी पाजायचं नाही, ते उलटीतून फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट. डबा बरोबर घेऊन दवाखाना, आणि १०८ लावा.

रविवारी येऊन बघितलं तर चालेल का?

या की. सकाळी दहानंतर या, तोवर आमच्या घरातल्यांच्या अंघोळी आटपून बंब विझलेला असतो. मास्क तुमचा तुम्ही आणा, माझा एकच आहे. आणि काही बुडवून घ्यायचं असेल तर खाली त्रिकोणातला आकडा बघून आणा, ६ असेल तर घरीच ठेवा.